सुळा टाळूत, दात नाकात: वाट चुकलेल्या दाताचं काय करायचं

घरात ९-१० वर्षांचं मूल असेल तर आज एवढंच करा. हात साबणाने धुवा, मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, वरचा ओठ हलकेच उचला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडी जिथे ओठाकडे वळते तिथे तर्जनीचं टोक फिरवा. हाडात एक गोलसर उंचवटा लागायला हवा, आत मणी दडवून ठेवल्यासारखा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. हा खाली यायला निघालेला कायमचा सुळा. दोन्हीकडे लागला तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. एकीकडे लागतोय आणि दुसरीकडे सपाट आहे, किंवा अकरावं लागलं तरी दोन्हीकडे काहीच नाही, तर दंतवैद्याकडे जा आणि ‘सुळे कुठे आहेत ते बघायचंय’ असं स्पष्ट सांगा. किडलेली दाढ दाखवायला नेलेल्या मुलाचे सुळे कुणी आपणहून चाचपेलच असं नाही.

मी तोंड आणि जबड्याची सर्जन आहे, २२ वर्षं हेच काम करतेय. रोजच्या कामात अक्कलदाढाच जास्त असतात. पण भलत्याच ठिकाणी उगवलेला दात समोर आला की मी अजूनही एक्स-रे हातात घेऊन खिडकीपाशी जाते. टाळूत आडवा झोपलेला सुळा, नाकाच्या तळाशी उलटा वाढलेला जादा दात, गालाच्या हाडाच्या पोकळीत चढलेली अक्कलदाढ, क्वचित खालच्या जबड्याच्या कानाजवळच्या टोकात जाऊन बसलेली दाढ. असा दात दिसला की घरचे लोक दोनच प्रश्न विचारतात: ‘कधी काढायचा?’ आणि ‘दुखेल का?’ त्याआधीचे तीन प्रश्न मात्र राहून जातात. दात नेमका कुठे आहे? तो कशाला खेटलाय? आणि त्याला त्याच्या जागेवर आणता येईल का? या तिन्हींची उत्तरं हातात आल्याशिवाय मी सुरी उचलत नाही, आणि तुम्हीही कुणाला उचलू देऊ नका.

सुळाच का इतका वाट चुकतो, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. वरचा सुळा तयार होतो तो खूप वर, नाकाच्या बाजूला. तिथून खाली तोंडात यायला त्याला साधारण २२ मिलिमीटर चालावं लागतं. इतका लांबचा प्रवास दुसऱ्या कुठल्याही दाताला नसतो. वाटेत तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या, म्हणजे मधल्या दोन मोठ्या दातांच्या बाजूच्या छोट्या दाताच्या, मुळाला घासत घासत उतरतो. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून अंधारात खाली यावं तसा. तो छोटा दात जन्मतःच नसेल किंवा खुंटीसारखा बारीक असेल, तर कठडाच नाही. मग सुळा टाळूकडे घसरतो. टाळूत गेलेल्या सुळ्यांना बहुतेक वेळा जागेची अडचण नसतेच. ओठाकडे, वरच्या वर बाहेर आलेला सुळा मात्र बहुतेकदा दाटीमुळे येतो. अक्कलदाढा सोडल्या तर सगळ्यात जास्त अडकणारा दात हाच, आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त.

आधी जागा शोधा

घरच्या घरी दिसणाऱ्या खुणा अशा: १३ वर्षं झाली तरी दुधाचा सुळा घट्ट आहे. पटाशीचा छोटा दात एकदम तिरका झालाय किंवा बाहेर फेकला गेलाय. टाळूवर, पुढच्या दातांच्या मागे, जीभ फिरवली की कडक उंचवटा लागतो. वरच्या मधल्या दोन दातांत रुंद फट आहे, किंवा एक आला आणि दुसरा सहा महिने उलटले तरी आलाच नाही. इथे कधी कधी मधोमध एक जादा दात आडवा आलेला असतो.

पहिला एक्स-रे बहुधा ओपीजी असतो, दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा. तो गरजेचा आहे, पण अपुरा आहे, कारण तो चपटा आहे. दात पटाशीच्या मुळावर चढलेला दिसतो, तो पुढून चढलाय की मागून, हे त्यात कळत नाही. यासाठी नळी थोडी सरकवून दुसरा एक्स-रे काढतात. ही युक्ती १९१० सालापासून वापरात आहे आणि तुम्हाला ती आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या करून बघता येईल. एक बोट डोळ्यांसमोर जवळ धरा, दुसरं त्याच्या बरोबर मागे लांब. एक डोळा मिटा. आता डोकं उजवीकडे न्या. मागचं बोट तुमच्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखं दिसेल, पुढचं उलट डावीकडे. एक्स-रेची नळी म्हणजे तुमचा डोळा. नळी ज्या बाजूला सरकवली त्याच बाजूला दात सरकला तर तो मागे, टाळूकडे आहे. उलट सरकला तर ओठाकडे.

दात शेजारच्या मुळाला खेटलेला वाटत असेल, खालच्या जबड्यातल्या नसेजवळ असेल, किंवा नाक आणि सायनसच्या (गालाच्या हाडातल्या पोकळीच्या) हद्दीत असेल तर सीबीसीटी काढून घ्या. हा जबड्याचा तीन बाजूंनी बघता येणारा स्कॅन. त्यात शेजारच्या मुळाची झीज झाली आहे का, हे साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतं. मात्र मुलांच्या बाबतीत सांगून ठेवा की हवा तेवढाच छोटा भाग स्कॅन करा, अख्खं डोकं नको. साध्या दोन एक्स-रेंनी उत्तर मिळत असेल तर स्कॅनचा आग्रह धरू नका.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतेय? माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या एकाच एक्स-रेवर विसंबून मी ओठाच्या बाजूने हिरडी उघडली. हाड कोरत गेले, कोरत गेले, दात नाही. शेवटी थांबून, जखम शिवून, टाळूच्या बाजूने पुन्हा उघडावं लागलं. दात तिथे होता. दोन्ही बाजूंनी टाके घेऊन ते मूल घरी गेलं. त्या दिवसापासून दुसरा एक्स-रे नसेल तर मी ऑपरेशनची तारीखच देत नाही.

काढायचा, आणायचा की राहू द्यायचा

सगळ्यात सोपा उपाय आधी. मूल १० ते १३ वर्षांचं आहे, सुळा टाळूकडे निघालाय पण फार भरकटलेला नाही, दातांत जागा आहे: अशा वेळी नुसता दुधाचा सुळा काढून वाट बघायची. स्वीडनमध्ये एरिकसन आणि क्युरोल यांनी हे नीट मोजून बघितलं आणि १९८८ साली प्रसिद्ध केलं. टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ दुधाचा दात काढल्यावर आपणहून वाटेला लागले. सुळ्याचं डोकं शेजारच्या छोट्या दाताच्या मुळाच्या मध्यरेषेपर्यंत पोचलं नव्हतं तिथे १०० पैकी ९१, आणि मध्यरेषा ओलांडली होती तिथे ६४. म्हणून तर ते नवव्या-दहाव्या वर्षीचं बोट फिरवणं. दुधाचा दात काढल्यावर सहा महिन्यांनी एक्स-रे काढा. वर्ष झालं आणि फरक नाही, तर आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

दुसरं टोक म्हणजे काहीच न करणं, आणि तोही खरा उपचार आहे. चाळिशीतल्या माणसाच्या हाडात खोल, कुणालाही न खेटता, काही त्रास न देता दात पडून आहे. त्याच्यापर्यंत पोचायला चांगलं हाड कोरावं लागणार आहे. माणसाला तारा लावून घ्यायच्या नाहीत. अशा दाताला मी हात लावत नाही. पण ‘राहू द्या’ म्हणजे ‘विसरा’ नव्हे. एका वर्षाने एक्स-रे, मग काही फरक नसेल तर दर दोन-तीन वर्षांनी. बघायचं ते दाताच्या डोक्याभोवतीचं काळं वर्तुळ. ते नेहमी बारीक रेघेसारखं असतं. ते ३-४ मिलिमीटरपेक्षा रुंद झालं की दाताभोवती सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, तयार होत असल्याचा संशय घ्यावा लागतो. जुने एक्स-रे टाकून देऊ नका. आजचा एक्स-रे एकटा फारसं काही सांगत नाही, पाच वर्षांपूर्वीच्याशेजारी ठेवला की बोलतो.

आणि काढायचा कधी? जादा दात असेल आणि त्याने दुसऱ्याचा रस्ता अडवला असेल तेव्हा. गाठ धरली असेल, पू होत असेल, शेजारच्या मुळाचा फडशा पडत असेल तेव्हा. किंवा दात हाडाला चिकटून गेलाय आणि ओढून येणार नाही, हे ठरलंय तेव्हा. पण अकरा-बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा धडधाकट सुळा केवळ ‘टाळूत आहे’ म्हणून काढून टाकायला कुणी सांगत असेल, तर कृपा करून आधी ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे तारा लावून दात सरकवणाऱ्या तज्ज्ञाचं, मत घ्या. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब. चावताना जबडा बाजूला सरकतो तेव्हा भार तोच घेतो. ओठाच्या कोपऱ्याला आधार त्याचाच. त्याची जागा खोट्या दाताने भरता येते, त्याचं काम तसं भरून येत नाही.

सोन्याची साखळी

टाळूतला सुळा उघडून जागेवर आणणं हे माझं सगळ्यात आवडतं ऑपरेशन. म्हणून इथे थोडी रेंगाळते.

पहिली गोष्ट: सर्जनकडे आधी येऊ नका, ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. तो तारा लावून सुळ्यासाठी जागा तयार करतो, ओढण्यासाठी भक्कम आधार तयार करतो, आणि मग माझ्याकडे पाठवतो. दोघांचं आपसांत बोलणं झालंय ना, साखळी कुठल्या दिशेला बाहेर काढायची ते ठरलंय ना, आणि ओढायला कुठल्या आठवड्यात सुरुवात होणार, हे तुम्ही विचारा. संकोच करू नका. हे न ठरल्यामुळे उघडलेला दात महिनोन्‌महिने तसाच राहिलेला मी पाहिलाय.

बहुतेक मोठ्या मुलांचं हे काम भूल देऊन जागेपणीच होतं. फार लहान किंवा घाबरलेल्या मुलासाठी पूर्ण भूल. टाळूतली सुई दुखते, खोटं सांगत नाही. पुढच्या दातांच्या मागे टाळूवर जो छोटा उंचवटा असतो, तिथली तर सगळ्यात जास्त. मी आधी तिथे कापसाच्या काडीचं टोक मिनिटभर घट्ट दाबून धरते, मग सुई घालते आणि औषध अगदी हळू सोडते. त्याने फार फरक पडतो. तुमच्या डॉक्टरांना ‘सावकाश द्या’ एवढं सांगितलंत तरी पुरे.

छेद घेतात तो दातांच्या कडेकडेने, टाळूच्या बाजूने. टाळूवर उभा छेद सहसा घेत नाहीत, कारण मागून पुढे येणारी रक्तवाहिनी त्याच वाटेने जाते. मग टाळूची कातडी हाडापासून पुस्तकाच्या पानासारखी उचलायची. खाली कधी हाड इतकं पातळ असतं की आतली निळसर झाक दिसते. फिरत्या बरने, म्हणजे कोरायच्या बारीक टोकाने, हाड अलगद कोरायचं आणि त्यावर सलाईनची धार सतत ठेवायची, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर जरी तापलं तरी त्याला इजा होते. मग दातावरची पातळ पिशवी बाजूला केली की आत ओलसर, पांढराशुभ्र सुळा दिसतो. त्याच्यावर अजून हवेचा स्पर्शही झालेला नसतो. तेवढाच भाग उघडायचा, दाताच्या मानेपलीकडे जायचं नाही. मानेखालचं मूळ उघडं पडलं तर पुढे हिरडी नीट चिकटत नाही.

एका १२ वर्षांच्या मुलीचा सुळा उघडला होता. खरी कसरत पुढे होती: त्यावर एक छोटं धातूचं बटण चिकटवायचं, आणि चिकटवायचं तर दात कोरडा हवा. बटण नीट चिकटावं म्हणून आधी निळी जेल लावली, धुतली, वाळवली, दात खडूसारखा पांढुरका झाला, आणि कडेने रक्ताचा एक थेंब आला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी जमलं. बटणाला सोन्याची बारीक साखळी असते, सोनाराच्या दुकानातल्या सगळ्यात नाजूक साखळीहूनही नाजूक. ती चिमट्यात धरून मी चांगली ओढून बघितली, कारण निसटायची असेल तर आत्ता निसटलेली बरी, टाके घातल्यावर नको. मग टाळू परत जागेवर बसवला, साखळीचं टोक दातांच्या कडेने बाहेर काढून तारेला बांधलं आणि टाके घेतले. पूर्ण वेळ डोळे मिटून पडलेल्या त्या मुलीने आरसा मागितला आणि साखळीकडे बघून म्हणाली, ‘हे टोक दुसऱ्या बाजूला माझ्या दाताला आहे?’ होय, म्हटलं, थेट तुझ्या दाताला.

ही झाकलेली पद्धत. दुसरी उघडी: टाळूला दातावर खिडकीसारखं भोक ठेवायचं, त्यावर आठ-दहा दिवस औषधी लगदा बसवायचा, आणि मग दात दिसत असतानाच त्यावर बटण लावायचं. कुठली चांगली? २०१७ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दोन्हींच्या तुलना तपासल्या गेल्या आणि एक दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तुमच्या सर्जनचा हात जिच्यावर बसलाय ती. मी स्वतः दात खोल असेल तर झाकलेली करते, वर असेल तर उघडी.

ओढायला एक-दोन आठवड्यांत सुरुवात होते. दर भेटीला थोडं, अगदी हलक्या जोराने. दात दिसायला काही महिने, रांगेत बसायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन. मधेच साखळी निसटली तर आठवडाभर थांबू नका, लगेच दाखवा. कधी कधी पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. आणि वय वाढलं की दात हाडाला चिकटलेला असण्याची शक्यता वाढते. पस्तिशीत हे करायचं असेल तर ‘नाही हलला तर पुढे काय’ हे आधीच ठरवून ठेवा.

ओठाकडे, वर अडकलेल्या सुळ्यात एक सूचना. तिथली हिरडी नुसती कापून काढू देऊ नका. दाताभोवती घट्ट, फिकट गुलाबी हिरडीचा पट्टा हवा. तो कापून टाकला की दात येतो, पण त्याच्याभोवती सैल लाल कातडी राहते आणि मूळ उघडं पडत जातं. चांगला सर्जन तो पट्टा कापून न टाकता वर सरकवून शिवतो.

काढायचाच ठरला तर

अडकलेला दात अख्खा ओढून काढत नाहीत. त्यासाठी जितकं हाड कोरावं लागेल तितकं कोरणं योग्य नाही. दाताचे तुकडे करतात: मान कापून आधी डोकं काढायचं, मग झालेल्या मोकळ्या जागेत मूळ सरकवून घ्यायचं. दाताभोवतीची पिशवी पूर्ण खरवडून काढायची, कारण मागे राहिलेल्या तुकड्यातून सिस्ट होऊ शकते. मोठ्या सिस्टमध्ये कधी कधी आम्ही सुरुवातीला दात काढतच नाही. गाठीला तोंडात उघडणारं दार करून देतो, आतला दाब उतरतो, काही महिन्यांत गाठ आक्रसते आणि लहान मुलात तो दात आपणहून खालीही येतो. ही पद्धत पार्श यांनी १८९२ साली मांडली आणि आजही तितकीच उपयोगाची आहे.

जादा दात एक-दोन असतील तर काही विशेष नाही. पण एकाच तोंडात बरेच जादा दात असतील तर सर्जनला बाकीच्या शरीराबद्दलही विचारा. मुलाला दोन्ही खांदे पुढे एकमेकांजवळ आणता येत असतील तर गळपट्टीची हाडं अपुरी असण्याचा एक आनुवंशिक आजार असू शकतो. दुसऱ्या एका आनुवंशिक आजारात जादा दातांबरोबर जबड्यात हाडाच्या गाठी आणि मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या गाठी, असतात, आणि त्यांचा पुढे कॅन्सर होतो. दात बघून हे पकडलं गेलं तर जीव वाचतो. एकाच गाठीत शेकडो चिमुकले दात, ही मात्र वेगळी गोष्ट. तिला ओडोन्टोमा म्हणतात. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ आणि २०१९ साली चेन्नईत एका सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले होते. बातमी ऐकून घाबरायला होतं, पण ही गाठ साधी असते आणि नीट काढली की सहसा परत येत नाही.

चांगला सुळा काढावाच लागत असेल आणि ओढून आणणं शक्य नसेल, तर तोच दात काढून त्याच वेळी योग्य जागी लावण्याचाही पर्याय असतो. मुळावरचं पातळ आवरण जिवंत राहायला हवं, म्हणून दात तोंडाबाहेर काही मिनिटंच ठेवायचा आणि मुळाला हात लावायचा नाही. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश तयार असेल, टोक अजून उघडं असेल, तेव्हा यश सगळ्यात चांगलं. प्रत्येक ठिकाणी हे होत नाही, पण विचारून बघा.

नाक, सायनस आणि त्यापलीकडे

एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांना एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड कित्येक वर्षं येत होता. सर्दीची औषधं झाली होती, ॲलर्जीची झाली होती. लोकांजवळ बसायचं ते टाळत, बोलताना हात तोंडापुढे धरत. स्कॅनमध्ये नाकाच्या तळातून वर उगवलेला एक शंकूसारखा दात निघाला, त्याच्याभोवती खडे जमलेले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाकपुडीतूनच तो काढला, बाहेर एकही छेद नाही. काढलेला दात करंगळीच्या नखाएवढा. त्यामुळे लक्षात ठेवा: एकाच बाजूचं नाक बंद, एकाच बाजूने घाण वास, एकाच बाजूने रक्त, आणि औषधांनी बरं होत नाही, तर स्कॅन मागा. लहान मुलात अशा वेळी आधी नाकात काही घातलंय का ते बघतात, आणि ते बरोबरच आहे.

गालाच्या हाडातल्या सायनसमध्ये चढलेली दाढ बहुतेकदा सिस्टसकट असते. तिथे वरच्या ओठाच्या आतून, सुळ्याच्या वरच्या हाडात खिडकी करून जाण्याची वाट काल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि ल्यूक यांनी १८९७ मध्ये दाखवली. आता नाकातून दुर्बिणीने जमेल तिथे तसं करतात. या ऑपरेशननंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पाणी पिताना ते नाकातून आलं तर लगेच कळवा.

खालच्या जबड्याच्या कानाजवळच्या टोकात असलेला दात काढायला कधी बाहेरून, कानापुढून किंवा जबड्याखालून, छेद घ्यावा लागतो, आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस तिथेच असते. म्हणून त्रास किंवा गाठ असल्याशिवाय तिथे जाऊ नये, आणि जायचं तर हे काम नेहमी करणाऱ्याकडेच. अक्कलदाढेची मुळं खालच्या ओठाला स्पर्श देणाऱ्या नसेला वेढून असतील, तर फक्त डोकं कापून मुळं आत ठेवण्याची पद्धत आहे, विचारा. स्त्रियांच्या बीजकोशातल्या एका प्रकारच्या गाठीतही केस आणि दात सापडतात, पण ते वाट चुकलेले दात नव्हेत. त्याच गाठीत तयार होतात, आणि ते काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं.

आधी आणि नंतर

ऑपरेशनपूर्वी घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी करून द्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कुठलीही गोळी बंद करायची की नाही ते ज्यांनी सुरू केली ते डॉक्टर ठरवतील. हाडं मजबूत करण्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, पूर्वी घेतलं असेल, तर न चुकता सांगा. त्याने जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. धूम्रपान जितके दिवस आधी सोडाल तितकं बरं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही. लाळ गिळा. थोडी गुलाबी झाली तरी घाबरू नका. ताजं रक्त आलंच तर स्वच्छ गॉझची घडी करून अर्धा तास सलग दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका. गालावर बर्फ दहा-पंधरा मिनिटं, मग तितकीच विश्रांती. खाणं मऊ आणि गार. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चुळा. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घ्या. दुखणं चढल्यावर ते उतरवणं अवघड जातं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा त्या दिवशी आरसा बघून ‘काहीतरी बिघडलं’ असं समजू नका. टाळूचा पुढचा भाग काही आठवडे बधिर राहू शकतो, तो सहसा आपोआप जागा होतो.

मात्र सूज चौथ्या दिवसानंतर वाढत असेल, ताप येत असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, टाळू फुग्यासारखा फुगला असेल, किंवा दात काढलेल्या जागी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी नवी कळ सुरू झाली असेल तर सकाळची वाट बघू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इस्पितळात जा.

टाके साधारण आठवड्याने काढतात, विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. आणि त्या भेटीला एक विचारायचं राहू देऊ नका: दाताभोवतीची पिशवी किंवा गाठ तपासणीला पाठवली होती का? पाठवली असेल तर रिपोर्ट हातात घ्या, त्याची एक प्रत शेवटच्या एक्स-रेबरोबर त्याच पाकिटात ठेवा, आणि त्यावर तारीख लिहा.